आमच्या डोंगरांवर बर्फ पडत नाही

दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत आपल्या वर्तमानपत्रांत एक छायाचित्र ठरलेले असते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठलेले असते आणि हौशी पर्यटक ते हातात धरून उभे असतात. वर मथळा, ‘महाबळेश्वरात हिमकण’. दोन-तीन महिन्यांनी दुसरे ठरलेले छायाचित्र येते. आटलेल्या विहिरीच्या काठाशी वाकलेल्या बायका, भोवती रिकाम्या हंड्यांची रांग. मथळा, ‘पाण्यासाठी वणवण’. पहिले छायाचित्र निसर्गाची किमया म्हणून छापले जाते, दुसरे निसर्गाची अवकृपा म्हणून. दोन्हींत निसर्गाचाच हात दिसतो आणि माणसांनी घेतलेले निर्णय कुठेच दिसत नाहीत. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर काम करणाऱ्या माझ्यासारखीला हे दुसरे छायाचित्र आता बघवत नाही. त्यातल्या बाईची कीव केली जाते, पण तिच्या वाटचे पाणी कुठे गेले हा प्रश्न विचारला जात नाही.

तो प्रश्न विचारण्यासाठी आधी हिमालयाकडे पाहू. डोंगर पाणी कसे साठवतो, हे तिथे डोळ्यांना दिसते. आपल्याकडे ते दिसत नाही, म्हणून पटतही नाही.

डोंगराची कणगी

हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे ढग काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगरांवर बर्फ टाकतात. हे पाणी लगेच वाहून जात नाही. काही महिने ते जागच्या जागी राहते आणि उन्हे तापू लागली की थोडे थोडे खाली उतरते. ज्या ऋतूत पडले त्या ऋतूत ते खर्च होत नाही, गरजेच्या ऋतूसाठी राखले जाते. आपल्या घरातली बाई सुगीला कणगी भरते आणि आषाढात तिला हात घालते, तसाच हा प्रकार.

काश्मिरात २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना ‘चिल्ले कलां’ म्हणतात. त्या कडाक्यात पडलेला बर्फ घट्ट बसतो आणि टिकतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पडणारा बर्फ ओला असतो, लवकर वितळतो. पण तो जुन्या थरावर पांघरुणासारखा बसतो, त्याचे वितळणे लांबवतो आणि पेरणीच्या तोंडावर पाटांना पाणी देतो. थंडी कमी झाली आणि बर्फाच्या जागी पाऊस पडला, तर तेवढेच पाणी दोन दिवसांत वाहून जाते. लडाखात पाऊस नावालाच, तिथली जवाची शेती वितळलेल्या बर्फावरच उभी आहे. वसंतात पाटाला पाणी उशिरा आले की पेरा चुकतो. म्हणून चेवांग नॉर्फेल या अभियंत्याने १९८० च्या दशकापासून तिथे हिवाळ्यातले वाहते पाणी अडवून, गोठवून कृत्रिम हिमनद्या तयार केल्या. पुढे सोनम वांगचुक यांच्या पुढाकाराने बर्फाचे स्तूप उभे राहिले. दोघांच्या कामाचा गाभा एकच. हिवाळ्यात फुकट जाणारे पाणी वसंतापर्यंत राखायचे.

जनावरांचा संसारही याच कणगीवर चालतो. बर्फाच्या जाड थराखाली जमीन बाहेरच्या हवेइतकी गारठत नाही, त्यामुळे उंदरांसारखे लहान जीव त्या आडोशाला हिवाळा काढतात. बर्फ मागे सरकेल तसे नवे गवत फुटते आणि त्याच्या मागोमाग रानबकऱ्या वर चढतात. हिमाचलचे गद्दी आणि काश्मीरचे बकरवाल आपल्या मेंढ्या-बकऱ्या घेऊन त्याच वाटेने जातात. बर्फाचे वेळापत्रक बिघडले की या सगळ्यांचे बिघडते. काठमांडूच्या ‘इसिमोड’ या पर्वतीय संस्थेने २०२५ मध्ये जाहीर केले, की हिंदुकुश-हिमालयात नोव्हेंबर ते मार्च या काळात बर्फ टिकून राहण्याचे प्रमाण नेहमीपेक्षा २३.६ टक्क्यांनी घटले. गेल्या २३ वर्षांतला हा नीचांक होता.

आता सह्याद्रीकडे येऊ.

आमची कणगी मातीत होती

आमच्याकडे बर्फ पडत नाही. वसंतात आभाळातून पडलाच तर गारा पडतात, आणि त्या काय करतात ते २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्याने पाहिले. उभा गहू, हरभरा, फळबागा झोडपल्या गेल्या, जनावरे आणि पाखरे मेली. त्या बर्फाने कोणाची विहीर भरली नाही.

आमचे पाणी चार महिन्यांत येते. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या बाईला हा आकडा सांगितला तर आमच्याकडे पाणीटंचाई आहे यावर तिचा विश्वास बसणार नाही. पण खाली काळा पाषाण आहे. हा खडक स्पंजासारखा पाणी पीत नाही. त्याच्या भेगांत, सांध्यांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात मावेल तेवढेच पाणी मुरते. बाकीचे उतारावरून ओढ्यात, ओढ्यातून नदीत आणि नदीतून खाडीत जाते.

मग पूर्वी वसंतापर्यंत पाणी टिकवत कोण होते? जंगल. पानगळीच्या थरावर पावसाचा मार अडत होता, मुळांनी सैल केलेल्या मातीत पाणी उतरत होते आणि तिथून सावकाश झऱ्यांना पोचत होते. होळी उलटून गेली तरी ओढ्याच्या पात्रात हातभर खणले की डवरा भरायचा, असे पाड्यांवरच्या म्हाताऱ्या बायका सांगतात. उंबर कुठे हिरवा राहतो, पाखरे संध्याकाळी कुठल्या घळीत उतरतात, यावरून पाणी ओळखण्याचे ज्ञान त्यांच्याकडे आहे. आमच्या डोंगराचा बर्फ म्हणजे ही माती होती. ती पांढरी नव्हती, म्हणून तिचे कोणी छायाचित्र काढले नाही, आणि ती गेली तेव्हा बातमीही झाली नाही.

ती कशी गेली याला इतिहास आहे. १८६० च्या सुमारास रेल्वे कसाऱ्याच्या घाटापाशी पोचली आणि इथल्या सागाला, ऐनाला मुंबईचा बाजार उघडला. लाकूड गेले, कोळसा गेला. कोळशाच्या भट्ट्यांवर राबायला कातकरी लागले. जंगलावर सरकारची मालकी आली आणि जंगलात राहणारा गुन्हेगार ठरला. आज जंगल विरळ का झाले असे विचारले, की राबासाठी आदिवासी झाडे सवळतात, पाला जाळतात, एवढेच उत्तर मिळते. पालापाचोळा जळला की माती उघडी पडते हे खरे आहे, आणि त्याबद्दल पाड्यात बसून बोललेच पाहिजे. पण दीडशे वर्षांची ठेकेदारी एका कोयत्याच्या माथी मारणे हा अन्याय आहे.

धरणाने कणगी भरली, पण कुणाची?

मातीतली साठवण कमी होत गेली तशी सिमेंट-दगडातली साठवण वाढत गेली. आटगाव स्टेशनाबाहेरून तानसाकडे रस्ता जातो. तानसा धरण १८९२ मध्ये पुरे झाले. तेव्हापासून इथले पाणी कोणताही पंप न लावता, केवळ उताराने मुंबईला जाते. १९५० च्या दशकात वैतरणेवर मोडकसागर झाला, १९७० च्या दशकात अप्पर वैतरणा, १९८० च्या दशकापासून भातसाचे पाणी मुंबईला जाऊ लागले आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा धरण पूर्ण क्षमतेने भरले. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांची एकूण साठवण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर आहे. त्यातली निम्मी, ७ लाख १७ हजार दशलक्ष लिटर, एकट्या भातसाची. भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत.

धरण हीदेखील एक कणगीच. पावसाळ्यातले पाणी राखून उन्हाळ्यात द्यायचे, म्हणजे बर्फाचेच काम. फरक दिशेचा आहे. बर्फ वितळतो तेव्हा पाणी आधी वरच्या गावाच्या पाटात येते, मग खालच्या गावाच्या, मग मैदानात जाते. धरणाचे पाणी ज्या डोंगरावर पडले त्या डोंगराला ओलांडून, नळात बंद होऊन थेट शंभर किलोमीटरवर उघडते. भातसाचे पाणी नदीतून पिसे बंधाऱ्यापर्यंत वाहते, तिथे उचलले जाते आणि पांजरापूरला शुद्ध होऊन शहरात जाते. वाटेतल्या पाड्याला ते दिसते, त्याचा आवाज येतो, पण हंड्यात येत नाही. मार्च लागला की धरणाच्या तालुक्यातच टँकर फिरू लागतात. हे आता इतके अंगवळणी पडले आहे, की टंचाई आराखडा हा आमच्याकडे संक्रांतीसारखा वार्षिक सण झाला आहे.

इथे एक साधा हिशेब मांडते. मुंबईला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी मिळते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण माणसाला रोज ५५ लिटर पाण्याचे वचन दिले आहे. एक लाख माणसांना या दराने साडेपाच दशलक्ष लिटर लागतात. म्हणजे मुंबईला जाणाऱ्या दर सातशे हंड्यांतला एक हंडा. २०११ च्या जनगणनेनुसार शहापूर तालुक्याची लोकसंख्या तीन लाखांच्या थोडी वर आहे. सगळ्या तालुक्याला ५५ लिटर द्यायचे ठरवले, तरी सातशेपैकी तीन-साडेतीन हंडे पुरतात. त्यामुळे ‘पाणी कमी पडते’ हे उत्तर ऐकून घेण्याचे कारण नाही. एवढे पाणी गळतीतही सहज जाते.

तिसरी साठवण : बाईचे डोके

मातीची कणगी रिकामी झाली आणि धरणाची कणगी आपली नाही, तेव्हा उरलेली तूट भरून काढते ती बाई. सहा माणसांच्या घराला ५५ लिटरप्रमाणे दिवसाला ३३० लिटर लागतात. पंधरा लिटरचा हंडा धरला तर बावीस हंडे. एवढे कोणी आणूच शकत नाही. म्हणून ती पाणी कमी आणते आणि कमी पडते ते स्वतःच्या वाट्यातून कापते. नवऱ्याची अंघोळ होते, मुलांची होते, तिची उद्यावर जाते. पाळीच्या दिवसांत कापड धुवायला पाणी पुरत नाही. सारखे लघवीला जावे लागेल आणि आडोसा नाही, म्हणून ती मुळात पाणीच कमी पिते. मग लघवीची आग, अंगावरून जाणे, कंबर धरणे. आरोग्य शिबिरांत या तक्रारी आपण नोंदवतो, गोळ्या देतो, पण कागदावर कारण म्हणून पाणी लिहीत नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापर्यंत आणि बाळंतपणानंतर काही दिवसांतच डोक्यावर हंडा येतो. अंग बाहेर येण्याच्या तक्रारीमागे हे ओझे किती, याचा हिशेब कोण ठेवतो?

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरातले बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २९९ मिनिटे घालवतात आणि ते काम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे दिसले. हा देशाचा सरासरी आकडा, त्यात घरात नळ असलेली शहरेही आली. चैत्रात डवऱ्याकाठी वाटीवाटीने पाणी भरत बसणाऱ्या बाईची मिनिटे मोजली तर काय आकडा येईल? रात्री दोनला उठून विहिरीशी नंबर लावणे झोपेत मोजायचे की कामात?

घरातल्या मुलीचे काय होते ते आपल्याला माहीत आहे. आई पाण्याला गेली की धाकटे भावंड तिच्याकडे, आई आजारी पडली की हंडाही तिच्याकडे. वार्षिक परीक्षा आणि आटलेली विहीर एकाच महिन्यात येतात. शाळा सोडण्याचे कारण म्हणून पटावर ‘पालकांची अनास्था’ लिहिले जाते.

एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. पाणी दूर गेले की काही घरांत पुरुषही आणू लागतात, मोटारसायकलला दोन्ही बाजूंना कॅन लटकावून. आणले तर बरेच. पण पाणी चाकावर आले की ते पुरुषाचे काम होते आणि डोक्यावर असले की बाईचे, हा नियम कोणी केला? बैलगाडी, सायकल, मोटारसायकल, टँकर, पंप, योजना, ठेका. पाण्यात पैसा आणि यंत्र शिरले, की निर्णय पुरुषांकडे जातो. बाईकडे राहते ते फक्त वजन.

आणि विहिरीवरच्या सगळ्या बायका सारख्या नसतात. टँकर विहिरीत रिता होतो तेव्हा कोणाचा दोर आधी पडतो? गावठाणाच्या विहिरीवर कातकरी वाडीतल्या बाईचा नंबर शेवटी का असतो? डॉ. आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याला शतक होत आले. तेही दिवस टंचाईच्या तोंडाचेच होते. पाण्याचा प्रश्न मुबलकतेचा आहे तितकाच तो मानाचा आहे, हे त्या दिवशी सांगितले गेले. महिला मंडळांनी आपल्या गावच्या विहिरीवर हा धडा किती गिरवला, हे प्रत्येकीने आपल्याशी तपासावे.

गुरे आणि रान

५५ लिटरच्या वचनात गुरांचा वाटा नाही. एका गाईला दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी लागते. दोन जनावरे असली की सहा-सात हंडे वाढले. गोठ्यातले हे पाणीही बहुतेक बाईच ओढते. चैत्र-वैशाखात पाणी देता येत नाही म्हणून मिळेल त्या भावात जनावर विकले जाते आणि पावसाळ्यात नांगराला बैल भाड्याने घ्यावा लागतो. शेळी हा बाईच्या हातातला थोडाफार पैसा. शेळी विकली की तोही गेला. टंचाईच्या हिशेबात ही तूट कुठेही लिहिलेली नसते.

रानातल्या जनावरांचे वेगळे काय? तानसा अभयारण्य १९७० मध्ये जाहीर झाले, तीनशे चौरस किलोमीटरहून थोडे मोठे. बिबट्या आहे, भेकर आहे, रानडुक्कर आहे. जगातून नामशेष झाला असे समजले गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये खानदेशात पुन्हा सापडला आणि २०१४ मध्ये तो तानसाच्या जंगलातही दिसला. धरणाचे पाणी आटत जाते तसा त्याचा काठ उघडा, उन्हाचा होतो. तिथे पाणी पिणे लाजऱ्या जनावराला धोक्याचे. त्याला हवी असते घळीतली, सावलीतली ओंजळभर पाण्याची जागा. म्हणजे झराच. झरे आटले की वनखाते पाणवठे बांधते, त्यांत टँकरने पाणी ओतते. रानालाही टँकर आणि पाड्यालाही टँकर. दोघांचा झरा एकच होता, हे मात्र कोणाच्या आराखड्यात येत नाही. पाण्याच्या शोधात जनावर वस्तीकडे उतरते आणि पहाटे अंधारात पाण्याला निघालेली बाई त्याच वाटेवर असते. मग बातमी येते, ‘मानव-वन्यजीव संघर्ष’.

फाल्गुन-चैत्र हा खरे तर रानाच्या उदारपणाचा काळ. पळस फुलतो, कोशिंबाला लाल पालवी येते, मोह टपटपतो. पहाटे मोह वेचून चार पैसे मिळायचे ते याच दिवसांत. पण पहाटेच विहिरीचा नंबर असतो. पाण्याला गेले तर मोह जनावरे खातात, मोहाला गेले तर घरात पाणी नाही. वसंत ऋतूवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात ही निवड कुठे वाचल्याचे आठवत नाही.

मुंबईची बाई आपली शत्रू नाही

हे सगळे मांडले की दोन आक्षेप येतात. पहिला असा, की मुंबईचे पाणी तोडायचे का? तिथे गरीब बायका राहत नाहीत का? राहतात, आणि त्याही पाण्यासाठी भांडतात. गोरेगावच्या वस्त्यांना पाणी मिळावे म्हणून लढणाऱ्या मृणाल गोरे यांना लोकांनीच ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले. पुढे पाणी हक्क समितीने न्यायालयात दाद मागितली आणि १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की झोपडी अनधिकृत आहे म्हणून माणसाचे पाणी नाकारता येणार नाही. भातसाचे पाणी शहरात पोचल्यावरही सारखे वाटले जात नाही. मनोऱ्यांतल्या पोहण्याच्या तलावाला मिळते आणि खाडीकाठच्या वस्तीत बाई पिंपाने विकत घेते. पाड्यावरची बाई आणि वस्तीतली बाई एकाच जलवाहिनीच्या दोन टोकांना उभ्या आहेत. सातशेतले तीन हंडे वस्तीतून काढायचे की मनोऱ्यातून, हे ठरवायला या दोघी एकत्र बसल्या पाहिजेत. तशी बैठक घेणे हे आपल्यासारख्या गटांचे काम आहे.

दुसरा आक्षेप सरकारी आहे. आणखी धरणे बांधू, मग सगळ्यांना पुरेल. याचा अनुभव आमच्या पट्ट्याने घेतला आहे. मुरबाडकडचे बारवी धरण औद्योगिक वसाहतींसाठी आणि कल्याण-डोंबिवली, उल्हासनगरसारख्या शहरांसाठी पाणी देते. त्याची उंची वाढवली गेली तेव्हा विस्थापितांना आपल्या मोबदल्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. माळशेजच्या डोंगरांतून येणाऱ्या काळू नदीवर शहरांच्या पाण्यासाठी धरणाचे काम वनखात्याची परवानगी येण्याआधीच सुरू झाले. श्रमिक मुक्ती संघटनेने याचिका केली आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने ते काम थांबवले. योजना मात्र कागदावरून पुसली गेलेली नाही. प्रत्येक नवे धरण उरलेल्या जंगलाचा, म्हणजे उरलेल्या कणगीचा एक तुकडा बुडवते. विस्थापित बाईला नव्या वसाहतीत घर मिळते, पण तिच्या ओळखीचा झरा मिळत नाही.

काय करता येईल

आमच्या तालुक्यासाठी इगतपुरीच्या भावली धरणातून उताराने पाणी आणण्याची योजना मंजूर झाली, तिचे स्वागतच आहे. जलजीवनचे नळही हवेतच. पण नळ बसला याची नोंद आणि नळाला मे महिन्यात पाणी आले याची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी नोंद बायकांनीच ठेवली पाहिजे. पाड्यातल्या एका मुलीकडे वही द्यावी. रोज नळ किती वेळ आला, टँकर आला का, विहिरीवर किती वेळ गेला. फेब्रुवारी ते जूनची अशी वही ग्रामसभेत ठेवली, तर अधिकाऱ्यांच्या तक्त्याला तोंड देता येते.

झऱ्यांचे काम तर पूर्णपणे आपल्या हातातले आहे. हिमालयातही डोंगरावरच्या बहुसंख्य बायका हिमनदीचे पाणी पीत नाहीत, झऱ्याचेच पितात, आणि तिथलेही झरे आटत आहेत. सिक्कीममध्ये २००८ पासून ‘धारा विकास’ कार्यक्रमात झऱ्याला पाणी कुठून येते तो उतार शोधून तिथे चर खणले, झाडोरा राखला आणि मेलेले झरे पुन्हा वाहते झाले. पुण्याच्या ‘अ‍ॅक्वाडॅम’ या संस्थेने भूजलाचे हे शास्त्र गावपातळीवर शिकवण्याचे मोठे काम केले आहे. यासाठी कोट्यवधी रुपये लागत नाहीत. रोजगार हमीतून चर खणता येतात, म्हणजे वीटभट्टीवर जाणाऱ्या काही घरांना गावातच काम मिळते. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या छोट्या जलसाठ्यांचे नियोजन पंचायतींकडे दिले आहे. शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग या क्षेत्रात येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वन राखण्याचा, सांभाळण्याचा हक्क दिला. कायदे आहेत, पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. तरीही पाणीपुरवठा समितीत बाईची सही असते आणि बैठक तिच्या नवऱ्याची होते. हे थांबवायला वरून कोणी येणार नाही.

म्हणून संघटनांपुढे काही मागण्या ठेवते. धरणाच्या तालुक्यातल्या प्रत्येक पाड्याचा पिण्याच्या पाण्याचा वाटा, गुरांसह, धरणाच्या पाणीवाटपात पहिल्या ओळीत लिहिला जावा. पाणलोट क्षेत्र राखणाऱ्या गावांना शहराच्या पाणीपट्टीतून ठरलेला हिस्सा मिळावा, तो ग्रामसभेकडे यावा आणि झऱ्यांवर खर्च व्हावा. टंचाई आराखडा जानेवारीत ग्रामसभेत, बायकांच्या बैठकीत आधी वाचला जावा. टँकरच्या बिलावर पाड्यातल्या दोन बायकांच्या सह्या असाव्यात.

शेवटी आपल्या चळवळीच्या वेळापत्रकाबद्दल. ८ मार्चच्या कार्यक्रमाला पाड्यांवरच्या बायका कमी येतात, अशी तक्रार जिल्ह्याच्या बैठकांत होते आणि जाणीवजागृती कमी पडते असे निदान केले जाते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ओढ्याची धार तुटते. बाई पाण्यावर असते. तिला सभेला बोलावण्याऐवजी त्या दिवशी सभाच विहिरीवर न्यावी. भाषणे थोडी कमी झाली तरी चालतील, दोरावर हात मात्र पुष्कळ लागतील. आणि हंडे भरून झाल्यावर, तिथेच बसून, सातशेतले तीन हंडे कुणाकडे मागायचे आणि कधी, हे ठरवून उठावे.